दोन पाट्या आणि एक गहाण घर

कर्ज असलेलं घर विकता येतं, ही गोष्ट खाडाखोड्यांना कळली ती न्हाव्याच्या दुकानात. त्यांच्या गालाला साबण होता आणि शेजारच्या खुर्चीतलं गिऱ्हाईक आपल्या मेहुण्याची हकिगत सांगत होतं. मेहुण्याने म्हणे कर्जासकट घर विकलं. घेणाऱ्याच्या बँकेने त्याच्या बँकेचं उरलेलं देणं परस्पर भागवलं आणि मेहुणा आता तळमजल्यावर ऐसपैस राहतो. 'तळमजला' हा शब्द कानावर पडला मात्र, खाडाखोडे ताडकन उठले. न्हावी "अहो, अहो" करत दारापर्यंत आला. हे आपले तरातरा घरी. चार मजले, अडुसष्ट पायऱ्या, लिफ्ट नाही. धापा टाकत स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "अगं, विकता येतं."

काकूंनी मान वर करून बघितलं. अर्धा गाल गुळगुळीत, अर्धा पांढरा.

"काय, दाढी?" त्या म्हणाल्या.

आता खाडाखोडे हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. खरं आडनाव फक्त पोस्टमनला ठाऊक होतं. एकतीस वर्षं ते एका छापखान्यात मुद्रितं तपासत होते, आणि सवय अशी की दुकानाच्या पाटीपासून लग्नाच्या पत्रिकेपर्यंत कुठेही चूक दिसली की खिशातलं लाल पेन आपोआप बाहेर. इमारतीने मग त्यांना हे नाव बहाल केलं. पहिली काही वर्षं त्यांना राग यायचा. पुढे तेही त्या नावाला ओ देऊ लागले.

घर विकायची एवढी घाई कशाची, तर काकूंच्या गुडघ्यांची. दीड वर्षात त्या चार वेळा खाली उतरल्या होत्या, त्यातल्या तीन वेळा डॉक्टरकडे जायला. भाजीची पिशवी दोरीला बांधून वर यायची आणि काकू खिडकीतून ओरडून भाव करायच्या. एकेकाळी ही बाई पायाला भिंगरी लावल्यासारखी गावभर हिंडायची. आता सगळा गाव त्यांना वरून, डोक्यांच्या रूपात दिसायचा. त्या तक्रार करत नसत, आणि खाडाखोड्यांना नेमकं तेच सहन होत नव्हतं.

बरं, तळमजल्याचं घर हेरून ठेवलेलं होतं. दोन गल्ल्या पलीकडचे घड्याळजी मुलीकडे राहायला निघाले होते. त्यांच्या घराचं दार थेट रस्त्यावर उघडत होतं, मध्ये एकसुद्धा पायरी नाही. घड्याळजी म्हणाले, "तुमच्यासाठी महिनाअखेरपर्यंत थांबतो. तीस तारखेला, संध्याकाळी सहापर्यंत." घड्याळजी सहा म्हणाले म्हणजे सहा. सहा वाजून एक मिनिटाला ते घर दुसऱ्याचं होणार होतं.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. तिसऱ्या मजल्यावरचे 'वकील' सर्वांत आधी आले. हे वकील नव्हते. बारा वर्षं कोर्टाबाहेर टाईपरायटर घेऊन बसले होते, तेवढ्या भांडवलावर ते कोर्टाच्या आतल्या लोकांपेक्षा जास्त सल्ले देत. "कर्जाचा विषय पहिल्या चहाला काढायचा नाही," ते म्हणाले. "दुसऱ्या चहाला. तोही अर्धा झाल्यावर. माणसाच्या पोटात आपला दीड कप चहा गेला की त्याला उठवत नाही."

खाडाखोड्यांनी हे सगळं मन लावून ऐकलं, कागदावर लिहूनसुद्धा घेतलं. आणि पहिलं गिऱ्हाईक आलं तेव्हा दार उघडून म्हणाले, "या, घरावर कर्ज आहे, चपला इथे काढा."

त्या माणसाने चपला काढल्याच नाहीत. दुसऱ्याने काढल्या, पण पुन्हा घातल्या. तिसरी एक बाई होती, तिला ऐकू कमी येत होतं, म्हणून खाडाखोड्यांनी कर्जाची माहिती इतक्या मोठ्याने दिली की रस्त्यावरचा भाजीवाला "किती राहिलंय?" म्हणून विचारता झाला. काकूंनी कपाळाला हात लावला. "अहो, खोटं बोलू नका, पण खरं बोलायची एवढी घाई कशाला?" त्या म्हणाल्या. यावर खाडाखोडे दुखावले. चूक लपवून पान छापायला द्यायचं हे त्यांच्या रक्तात नव्हतं.

आणि मग डॉक्टरीणबाई आल्या. दातांच्या. दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडात डोकावून मान अवघडलेली, पण बोलायला चटपटीत. कर्जाचं ऐकून त्या हसल्या. "माझ्याकडे येणारा प्रत्येक जण आधी 'तसं काही दुखत नाही' म्हणतो. दारातच खरं सांगणारे तुम्ही पहिले. मीही कर्ज काढूनच घेणार आहे. माझी बँक तुमच्या बँकेला पैसे देईल, तुमची बँक माझ्या बँकेला कागद देईल. झालं." स्वयंपाकघराची मोठी खिडकी त्यांना फारच आवडली. आठवडाभरात सगळं उरकू म्हणाल्या आणि टकटक जिना उतरून गेल्या. खाडाखोडे त्या दिवशी छापखान्यात उगाचच सगळ्यांशी गोड बोलले. एका कवितासंग्रहात तर त्यांनी तीन चुका तशाच राहू दिल्या, कवीला बरं वाटावं म्हणून.

बँकेत मात्र माशी शिंकली. कर्ज किती उरलंय आणि कागद कोणते ठेवलेत, याचं पत्र हवं होतं. त्यासाठी एक अर्ज. अर्ज छापील होता, आणि तिथेच घात झाला. खाडाखोड्यांनी आपली माहिती भरलीच, शिवाय त्या अर्जातल्या अकरा चुका लाल पेनाने दुरुस्त करून, समासात खुणा करून तो खिडकीत दिला.

कर्जविभागातल्या बाईंनी तो हातात धरून उलटसुलट पाहिला. "अर्जावर खाडाखोड चालत नाही," त्या म्हणाल्या.

खाडाखोड्यांना क्षणभर वाटलं, इथवर आपलं नाव पोचलं कसं.

दुसरा अर्ज भरला. त्यातल्या अकरा चुका तशाच ठेवताना त्यांना घाम फुटला, पण ठेवल्या. पत्र मिळालं. घरी येताना त्यांनी स्वतःसाठी नवी चप्पल घेतली, का ते विचारू नका. माणूस खुशीत असला की काहीतरी घेतो.

आता मोजणीसाहेबांची ओळख करून द्यायला हवी, नाहीतर पुढचं समजायचं नाही. खाडाखोड्यांचं दार आणि त्यांचं दार समोरासमोर, मध्ये जिन्याची सहा फुटांची मोकळी जागा. साहेबांनी उभा जन्म सरकारी नोकरीत लोकांच्या जमिनी मोजण्यात घालवला. फीत आणि खडू कायम हाताशी. आठ महिन्यांपूर्वी खाडाखोड्यांची तुळशीची एवढीशी कुंडी मधल्या जागेत चार इंच त्यांच्या बाजूला गेली, असं त्यांनी मोजून सिद्ध केलं आणि फरशीवर खडूने रेघ ओढली. तेव्हापासून दोघा पुरुषांत बोलणं बंद. बायका मात्र दारातून दारात बोलत, कुंडी ओलांडून. साहेबांचा दुसरा विशेष म्हणजे कर्जाचा तिटकारा. "मी एका दिडकीचं कर्ज कधी काढलं नाही, आणि कर्जाच्या सावलीत कधी राहिलो नाही," हे वाक्य इमारतीतली पोरंसोरंही पाठ म्हणून दाखवत.

तर एके सकाळी डॉक्टरीणबाईंच्या बँकेने घर तपासायला एक इंजिनिअर पाठवला. हा गृहस्थ कामाला पक्का. हातात इमारतीचा मंजूर नकाशा. चौथ्या मजल्यावर आला, नकाशा बघितला, दारावरच्या पाट्यांकडे ढुंकूनही न पाहता डावीकडे वळला आणि मोजणीसाहेबांची बेल वाजवली. साहेब बनियनवर बाहेर आले.

"घर मोजायचंय," इंजिनिअर म्हणाला आणि आत शिरून फीत ताणू लागला.

ज्या माणसाने पस्तीस वर्षं दुसऱ्यांची घरं मोजली, त्याच्या बैठकीच्या खोलीत कोणीतरी फीत टाकली होती. साहेबांनी फितीचं टोक पायाखाली दाबलं. मग ते म्हणाले, "कोणाच्या हुकमाने?"

"बँकेच्या. या घरावर कर्ज आहे ना."

यानंतर जो आवाज झाला तो तळमजल्यापर्यंत गेला. खाडाखोडे पळत बाहेर आले. आठ महिन्यांत साहेब त्यांच्याशी पहिल्यांदा बोलले. "खाडाखोडे, हा माणूस म्हणतोय माझं घर गहाण आहे. याला सांगा, आठ नंबर तुमचा."

"आठ नंबर आमचाच," खाडाखोडे म्हणाले. "ही बघा पाटी."

इंजिनिअरने दोघांपुढे नकाशा धरला. नकाशात आठ नंबर डावीकडे होता, सात उजवीकडे. दोघेही वाकून बघत राहिले. मग दोघांनाही एकदमच आठवलं, आणि दोघांचेही चेहरे उतरले.

चौदा वर्षांपूर्वी किल्ल्या मिळाल्या तेव्हा डावीकडचं घर खाडाखोड्यांचं होतं. त्याला रस्त्यावरची गॅलरी. उजवीकडचं साहेबांचं, त्याला स्वयंपाकघरात मोठी खिडकी. साहेबांच्या आईला गॅलरी हवी होती, रस्ता बघत बसायला. काकूंना खिडकी हवी होती. पहिल्याच दिवशी, सामान वर यायच्या आधी, दोघांनी घरं बदलून घेतली. "आपल्यात कसले आलेत कागद," असं कोण म्हणालं यावर पुढे वाद झाला, पण म्हणाले दोघेही असणार. साहेबांनी स्क्रूड्रायव्हर आणला, दोन्ही दारांवरच्या नंबराच्या पाट्या काढून अदलाबदल केली, आणि व्यवहार पुरा झाला. बँकेने कर्ज दिलं होतं ते इमारत उभी राहायच्या आधी, नकाशावर. बिलं, पत्रं, सगळं पाट्या बघून येत राहिलं. एक जण जन्मभर लोकांच्या चुका काढत होता, दुसरा लोकांच्या हद्दी. दोघांच्या हातून झालेली ही चूक चौदा वर्षं दारावर स्क्रूंनी बसवलेली होती आणि दोघेही रोज तिच्याखालून ये-जा करत होते.

"म्हणजे मी," साहेब हळू आवाजात म्हणाले, "चौदा वर्षं कर्जाच्या घरात राहतोय. आणि तेही तुमच्या कर्जाच्या."

"हप्ते मी वेळेवर भरले," खाडाखोडे म्हणाले. त्यांना वाटलं, एवढ्याने धीर येईल.

साहेबांनी दार लावून घेतलं.

पुढे जे झालं त्याला वकिलांनी 'पेच' असं नाव दिलं. अदलाबदल कागदावर करायची, तर आधी घर कर्जातून सोडवा, असं बँकेच्या बाई म्हणाल्या. कर्जातून सोडवायचं, तर घर विकायला हवं. विकायचं, तर आधी अदलाबदल कागदावर हवी. खाडाखोडे तीन दिवस या चक्रात फिरले आणि प्रत्येक फेरीला बाईंच्याच खिडकीशी येऊन उभे राहिले. चौथ्या दिवशी बाईंनीच दया येऊन सांगितलं, "अहो काका, कागदाला घराजवळ आणण्यापेक्षा घराला कागदाजवळ न्या. ज्याचं जे आहे तिथे राहायला जा. मग बदलायचं काहीच उरत नाही."

सोपं होतं. साहेबांनी आपल्या खऱ्या घरात जायचं, खाडाखोड्यांनी आपल्या, आणि डॉक्टरीणबाईंनी खिडकीऐवजी गॅलरी पसंत करायची. महिनाअखेरला नऊ दिवस होते. वकील म्हणाले, "हक्क तुमचा आहे. कोर्टात ओढा, साहेब बाहेर निघतील. वीस वर्षांत निकाल नक्की."

खाडाखोडे नवी चप्पल घालून, खडूची रेघ ओलांडून साहेबांकडे गेले. साहेबांनी सगळं उभ्याउभ्या ऐकून घेतलं. "आई त्या गॅलरीत बसायची," ते म्हणाले. "शेवटच्या दिवशीसुद्धा. ते घर मी सोडणार नाही. कागद काहीही म्हणोत." खाडाखोडे परत आले आणि आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसले. काय म्हणाले साहेब, असं काकूंनी विचारलं, तेव्हा त्यांनी सगळं भिंतीलाच सांगितलं.

काकू उठल्या. भिंतीला हात लावत दारापर्यंत, दाराला धरून चौकटीपर्यंत. मधल्या सहा फुटांत धरायला काही नव्हतं, तिथे कठड्याकडे जाऊन वळसा घेतला. साहेबांच्या दारात पोचल्या तेव्हा चेहरा घामाने डबडबला होता. साहेब पेपर वाचत होते. त्यांनी पेपर बाजूला ठेवला.

"हे केव्हापासून?" त्यांनी विचारलं.

"झालं की दीड वर्ष."

"मग खाली कशा जाता?"

"जात नाही," काकू म्हणाल्या. "वहिनी आहेत का? मी त्यांच्याशी गप्पा मारायला आलेय. तुम्हाला गळ घालायला नाही."

आणि खरंच, त्या मोजणीवहिनींबरोबर गॅलरीत तासभर बसल्या. खालून जाणारी माणसं बघितली, कोण जाड झालं, कोणाच्या मुलाला मिशी फुटली, यावर बोलल्या. घराचा विषय निघाला नाही. साहेब आत खोलीत येरझारा घालत होते. काकू जायला उठल्या तेव्हा ते पुढे झाले आणि त्यांनी आपला दंड त्यांना धरायला दिला. सहा फुटांना तीन मिनिटं लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला खरखर ऐकू आली म्हणून खाडाखोड्यांनी दार उघडलं. साहेब स्टुलावर उभे होते, हातात स्क्रूड्रायव्हर, आणि आठ नंबरची पाटी काढत होते.

"गैरसमज नको," ते खाली न बघता म्हणाले. "मी कर्जाच्या घरात राहत नाही, एवढंच. तुमचा यात काही संबंध नाही. स्टूल धरा."

रविवारी सामान हललं. हलवायचं अंतर सहा फूट, त्यामुळे मजूर कशाला, असं दोघांनीही ठरवलं. अख्खी इमारत मदतीला आली, म्हणजे चौघांनी उचललं आणि बाकीच्यांनी "डावीकडून, डावीकडून" म्हटलं. चौदा वर्षांपूर्वी दोघांनी एकाच दुकानातून एकसारखी लोखंडी कपाटं घेतली होती. ती दोन्ही कपाटं एकाच वेळी निघाली, मध्यावर भेटली आणि अडकली. वकिलांनी युक्ती सांगितली, ती ऐकून दोन्ही एकदाची सुटली, आणि जोराच्या भरात साहेबांचं कपाट परत साहेबांच्याच जुन्या घरात गेलं, खाडाखोड्यांचं खाडाखोड्यांच्या. ते लक्षात आलं तेव्हा एकीच्या साड्या दुसरीच्या कपाटात लावून झाल्या होत्या.

या धुमाळीत डॉक्टरीणबाई दुसरं घर बघायला आल्या. आधी त्यांना जिन्यातून नुसते पाय दिसले. मग गाद्यांवरून वाट काढत त्या आत पोचल्या. स्वयंपाकघर बघून त्यांचं तोंड वाकडं झालं. खिडकी वीतभर. खाडाखोड्यांनी बोटांवर मोजलं, तारखेला आता पाचच दिवस होते.

दाखवायचं काम साहेबांनी आपणहून हातात घेतलं. घराची इंचन्‌इंच माहिती त्यांनाच होती. "न्हाणीघराचा नळ ठिबकतो," ते म्हणाले. "ही भिंत नकाशापेक्षा दीड इंच आत आहे. पावसात या कोपऱ्यात ओल येते." खाडाखोडे मागून त्यांचा सदरा ओढत होते. दारातच खरं सांगणाऱ्या माणसावर ही पाळी यावी, म्हणजे काय म्हणावं. शेवटी साहेबांनी गॅलरीचं दार उघडलं. तिथे आईची वेताची खुर्ची अजून होती, ती शेवटी हलवायची ठरली होती. "बसून बघा," ते म्हणाले.

डॉक्टरीणबाई दिवसभर उभ्या राहणाऱ्या बाई. त्या बसल्या. पाठ टेकली. समोर झाडाचा शेंडा, खाली रस्त्याचा आवाज, अंगावर कोवळं ऊन. दोन मिनिटं गेली, पाच गेली. वहिनी चहा घेऊन गेल्या आणि तोंडावर बोट ठेवून परत आल्या. डॉक्टरीणबाईंना झोप लागली होती.

पुढचा अर्धा तास चौथ्या मजल्यावरचं सामान चोरपावलांनी हललं. पलंग, पेट्या, शिलाईचं मशीन, सगळं चवड्यांवर. वकीलही गप्प होते, हे इमारतीच्या इतिहासात प्रथमच. मग गॅलरीतून आवाज आला, "घेते मी हे घर. ही खुर्ची पण हवी."

"खुर्ची मिळणार नाही," साहेब म्हणाले.

"बरं," त्या म्हणाल्या.

तीस तारखेला बँकेत शेवटचा घोळ झाला. खाडाखोड्यांची सही चौदा वर्षांपूर्वीच्या सहीशी जुळेना. मधल्या काळात त्यांनी आपली सही सुधारली होती. "जुनी, वाईट करा," बाई म्हणाल्या. नऊ वेळा केली, दहावी पुरेशी वाईट जमली. बँकेने बँकेला पैसे दिले, कागदांनी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर उडी मारली, आणि खाडाखोडे रस्त्याने अक्षरशः पळत घड्याळजींकडे पोचले. सहाला वीस मिनिटं कमी होती. घड्याळजी म्हणाले, "वेळेआधी आलात. बसा, सहा वाजू द्या." खाडाखोडे वीस मिनिटं किल्लीकडे बघत बसले. इतके आनंदात ते स्वतःच्या लग्नातही नव्हते, निदान काकूंचं तसं म्हणणं आहे.

दोन दिवसांनी काकूंना खाली आणलं. खुर्चीत बसवून, एका बाजूने खाडाखोडे, दुसऱ्या बाजूने साहेब. अडुसष्ट पायऱ्यांत दोघांची तीन भांडणं झाली आणि तिन्ही मिटली. नव्या घराच्या दारात काकू खुर्चीतून उतरल्या, एकदा आत बघितलं, एकदा रस्त्याकडे बघितलं आणि आत जाऊन भांडी लावू लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाडाखोडे उठले तर घरात काकू नाहीत. स्वयंपाकघर, न्हाणीघर, मागची खोली, कुठेच नाहीत. दार नुसतं लोटलेलं. त्यांनी गल्लीच्या दोन्ही तोंडांशी जाऊन पाहिलं. मग ते रस्त्याच्या मध्यभागी उभे राहिले आणि त्यांच्या ध्यानात आलं की शोधायचं कुठे, हेच आपल्याला माहीत नाही. दीड वर्षात हा प्रश्न पडलाच नव्हता. चहा मिळाला नाही म्हणून ते चिडले होते, काळजीने घाबरले होते, आणि दोन्हींच्या खाली काहीतरी असं उकळत होतं की त्यांना रस्त्यातच हसू फुटलं. पाववाल्याने वळून बघितलं.

पावणेदोन तासांनी काकू आल्या. हातात काठी, दुसऱ्या हातात पिशवी, पदर घामाने भिजलेला, चेहरा लाल. पिशवी ओट्यावर ठेवली. बाजारात किती काय काय बदललंय, कापडवाल्याने दुकान वाढवलंय, भाजीवाला जवळून किती म्हातारा दिसतो, हे सगळं एका दमात सांगून झालं. मग त्यांनी पुन्हा काठी उचलली.

"आता कुठे?" खाडाखोड्यांनी विचारलं.

"मीठ राहिलं की हो आणायचं."

मिठाची बरणी ओट्यावर होती. काठोकाठ भरलेली, खाडाखोड्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर. त्यांनी बरणीकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं.

"सावकाश ये," ते म्हणाले आणि चहाचं आधण ठेवायला उठले.